तहानेचे ठाणे

पैठणच्या एकनाथ महाराजांची एक कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आली आहे. काशीहून गंगोदकाची कावड घेऊन रामेश्वराकडे निघालेल्या नाथांना वाटेत तापलेल्या वाळवंटात तहानेने तडफडणारे एक गाढव दिसते, आणि रामेश्वराच्या अभिषेकासाठी आणलेले ते पाणी नाथ त्या मुक्या जनावराच्या मुखात ओततात. कीर्तनकार येथे भूतदयेचे निरूपण करतात व ते उचितच आहे. परंतु नाथांकडून दृष्टी काढून क्षणभर त्या गाढवाकडे वळविली, तर एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. आपल्या शरीरात पाणी कमी पडले आहे, हे त्या गाढवाला कळले कसे? पाणी तर रक्तात, मांसात, सर्वांगात विखुरलेले असते. त्याचा हिशोब ठेवणारा कारकून कोठे बसतो? आणि पोटभर पाणी मिळाल्यावर ते जनावर थांबते, त्या वेळी प्यालेल्या पाण्याचा फार थोडा अंश रक्तात उतरलेला असतो. मग ‘आता पुरे’ हा निरोप त्याला कोण देतो?

भोपाळच्या नेहरू नगरात राहणाऱ्यांना पाण्याचा हिशोब म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. वस्तीपासून जवळच भदभदा आहे. अकराव्या शतकातील राजा भोजाच्या नावाशी निगडित असलेल्या मोठ्या तलावाचे पाणी येथे १९६५ साली बांधलेल्या दरवाज्यांनी अडविले जाते. पावसाळ्यात कोलांस नदीचे पाणी येऊन तलाव १६६६.८० फुटांच्या पूर्ण पातळीला पोहोचला की दरवाजे उचलले जातात, जादा पाणी कलियासोतच्या वाटेने बेतव्याकडे निघून जाते आणि ते पाहावयास निम्मे शहर लोटते. नेहरू नगरातच १९८२ साली स्थापन झालेली भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे. तलावाच्या काठी १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेले वनविहार आहे. वैशाखात तेथील चितळ व सांबर पाण्याकडे उतरतात, पितात आणि माना वर करून निघून जातात.

तलाव आणि चितळ यांतील एक भेद येथेच ध्यानी घेतला पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास त्याभोवती फिरतो. दरवाजे मिटून घेतले तर तलावातील पाणी वाचते, पण एक थेंबही वाढत नाही. त्यासाठी पावसाचीच वाट पाहावी लागते. प्राण्याच्या शरीरातील मूत्रपिंडांचेही तसेच आहे. ती पाणी वाचवू शकतात, निर्माण करू शकत नाहीत. घामातून, श्वासातून व विष्ठेतून जाणारी तूट भरून काढावयाची, तर जनावराला उठून पाणवठ्यापर्यंत चालत जावेच लागते. म्हणून निसर्गाने मेंदूच्या हाती दोन साधने दिली: मूत्रपिंडांना ‘राखून ठेवा’ अशी आज्ञा देणारे एक संप्रेरक, आणि जनावराला उठवून चालावयास लावणारी तहान. ही दोन्ही साधने एकाच ठाण्यावरून चालतात, हे कळावयास मनुष्याला विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी तहानेची दखल फार काळजीपूर्वक घेतली होती. चरकसंहितेत तृष्णेचे पाच प्रकार सांगितले आहेत, सुश्रुताने सात मानले आहेत. शरीरात पाणी वाहून नेणारी उदकवह स्रोतसे असून तालू व क्लोम ही त्यांची मूळस्थाने होत, असे चरकांचे मत आहे. क्लोम म्हणजे नेमके कोणते अवयव, यावर टीकाकारांत मतभेद आहेत. तालूविषयी मात्र कोणाचे दुमत होण्याचे कारण नाही, कारण तहान लागते ती तेथेच, असा प्रत्येकाचा अनुभव. आपली भाषाही त्याला साक्ष देते. घसा कोरडा पडतो, जीभ टाळूला चिकटते. याहूनही लक्षणीय गोष्ट अशी की, प्रमेहाच्या वीस प्रकारांत आयुर्वेदाने उदकमेह नावाचा एक प्रकार वेगळा काढला आहे. त्यात मूत्र स्वच्छ, गंधहीन, पाण्यासारखे व पुष्कळ होते. मधुमेहाची गोडी त्यात नसते. युरोपीय वैद्यकात गोड मूत्राचा व बेचव मूत्राचा असे दोन व्याधी स्पष्टपणे वेगळे नोंदविले जावयास अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. या बेचव मूत्राच्या व्याधीनेच पुढे तहानेच्या कोड्याची एक किल्ली हाती दिली.

तहान घशात असते की अन्यत्र, या वादाला प्रयोगाचे स्वरूप एकोणिसाव्या शतकात आले. त्या शतकाच्या आरंभी फ्रेंच शल्यविशारद ड्युपुइत्रां याने तहानलेल्या कुत्र्यांच्या शिरांत द्रव सोडून त्यांची तहान शमते, असे दाखविले. त्यांचे तोंड कोरडेच होते. १८३२ साली पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील डॉ. टॉमस लाटा यांनी रोग्यांच्या शिरांत मिठाचे पाणी चढविले आणि मरणोन्मुख माणसे उठून बसली. घशाचा येथे काही संबंधच नव्हता. पुढे १८५६ च्या सुमारास क्लोद बेर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाने एक घोडा घेतला, त्याच्या अन्ननलिकेला बाहेर छिद्र पाडले आणि त्याला पाणी दिले. घोडा पीत राहिला, पाणी छिद्रातून वाहून जात राहिले. तोंड व घसा अखंड ओला होता, तरी दमून जाईपर्यंत त्याचे पिणे थांबेना. या एका प्रयोगाने कोरड्या घशाचा सिद्धांत मोडीत निघावयास हवा होता. परंतु सिद्धांत इतक्या सहजी मरत नाहीत. १९१८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे क्रूनियन व्याख्यान देताना पुन्हा हेच प्रतिपादन केले की, शरीरातील पाणी घटले की लाळ आटते, तोंड सुकते आणि त्या सुकण्यालाच आपण तहान म्हणतो. कॅनन यांचा अधिकार एवढा मोठा होता की पुढील कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतून हेच शिकविले गेले. जन्मतः लाळग्रंथीच नसलेल्या एका माणसाची नोंद १९४१ साली प्रसिद्ध झाली. त्याचे तोंड सदैव कोरडे असे आणि तरीही तो दिवसाकाठी चारचौघांइतकेच पाणी पीत असे.

दरम्यान दुसऱ्या बाजूने, तहानेचा विचारही मनात नसलेली काही माणसे या प्रश्नाकडे सरकत होती. १८८१ मध्ये नोथनागेल या जर्मन वैद्याने एक विलक्षण रोगी नोंदविला. घोड्याच्या लाथेने पडून डोक्यास मार बसलेल्या या माणसाला अर्ध्या तासाच्या आत अनावर तहान लागली. मेंदूत तहानेचे एखादे केंद्र असावे, असा तर्क नोथनागेलने केला. तो तेव्हा हवेत राहिला. १८९५ साली ऑलिव्हर व शेफर यांनी मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या पोष ग्रंथीचा अर्क रक्तदाब वाढवितो, असे दाखविले, आणि १८९८ मध्ये हा गुण ग्रंथीच्या केवळ मागच्या भागात आहे, हे हॉवेलने सिद्ध केले. १९०१ साली मॅग्नस व शेफर यांना प्रयोगातील जनावरांत त्या अर्काने मूत्र वाढलेले दिसले. १९१३ मध्ये जर्मनीत फॉन डेन फेल्डेन आणि इटलीत फारिनी या दोघा वैद्यांनी, एकमेकांस न कळवता, बेचव मूत्राच्या रोग्यांना तो अर्क टोचला, तेव्हा अगदी उलट घडले: मूत्र कमी झाले आणि तहानही शमली. दिवसाला दहा-पंधरा लिटर मूत्र जाणाऱ्या, रात्रभर उशाशी घागर घेऊन बसणाऱ्या त्या रोग्यांना या शोधाचे मोल काय वाटले असेल, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही.

अर्क मूत्र कमी करतो हे ठरले. पण तो मूत्रपिंडावर सरळ कार्य करतो की आडवळणाने? १९२४ मध्ये स्टार्लिंग व व्हर्नी यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड शरीराबाहेर काढून, हृदय व फुफ्फुसे यांना जोडून जिवंत ठेवले. मेंदूपासून तुटलेले ते मूत्रपिंड पाण्यासारखे पातळ मूत्र भरमसाट सोडू लागले. रक्तात पोष ग्रंथीचा अर्क मिसळताच मूत्र घट्ट झाले. मनुष्याची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील शेकडा ९९ भाग परत घेतात. या परत घेण्याच्या अखेरच्या टप्प्यावर त्या ग्रंथीचा अंमल चालतो. तो अंमल कोणत्या यंत्रणेने चालतो हे फार उशिरा उलगडले. पेशींच्या भिंतींत केवळ पाण्याला वाट देणारी सूक्ष्म द्वारे असतात, हे पीटर एग्रे यांनी १९९२ मध्ये दाखविले व २००३ चे नोबेल पारितोषिक मिळविले. संप्रेरक आले की मूत्रपिंडाच्या नलिकांत अशी द्वारे भिंतीवर आणून बसविली जातात, संप्रेरक ओसरले की ती आत ओढून घेतली जातात. भदभद्याचे दरवाजे उघडले की पाणी बाहेर जाते; शरीरातील ही द्वारे उघडली की पाणी आत राहते, एवढाच काय तो फरक.

आता या ग्रंथीला आज्ञा कोण देते, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर एका लहानशा माशाने दिले. म्युनिक येथे कार्ल फॉन फ्रिश यांच्या हाताखाली शिकणाऱ्या एर्न्स्ट शारर या तरुणाला १९२८ साली गोड्या पाण्यातील एका माशाच्या मेंदूत, हायपोथॅलॅमस या तळच्या भागात, विचित्र चेतापेशी दिसल्या. त्या ग्रंथीच्या पेशींप्रमाणे स्रावाच्या थेंबांनी भरलेल्या होत्या. चेतापेशी निरोप पाठवितात, ग्रंथी स्राव करतात. एकच पेशी दोन्ही कामे करील, हे त्या काळच्या पंडितांना सर्वथा अमान्य होते. शारर यांची कित्येक वर्षे उपेक्षाच झाली. त्यांनी व त्यांच्या पत्नी बेर्टा यांनी प्राणिसृष्टी जणू आपसांत वाटून घेतली. एर्न्स्ट यांनी पृष्ठवंशी प्राणी घेतले, बेर्टा यांनी कीटकादी अपृष्ठवंशी; आणि झुरळासारख्या क्षुद्र जीवातही तशाच पेशी सापडल्या. अखेर १९४९ मध्ये कील येथील बार्गमान यांनी एका नव्या रंगद्रव्याने तो स्राव निळा रंगविला, तेव्हा हायपोथॅलॅमसपासून पोष ग्रंथीच्या मागच्या भागापर्यंत उतरत आलेली निळी वाट सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांना दिसली. म्हणजे पोष ग्रंथी हे केवळ कोठार. माल तयार होतो तो वर मेंदूत. माशांच्या मेंदूवरील ही परंपरा भारतातही रुजली. नागपूर विद्यापीठात डॉ. निशिकांत सुभेदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडील मागूर माशाच्या मेंदूतील संप्रेरकपेशींचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

व्हर्नी मात्र मूत्रपिंडावर थांबले नव्हते. केंब्रिज येथे त्यांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षे काम केले. मेंदूकडे जाणारी धमनी त्वचेच्या घडीत गुंडाळून बाहेर आणावयाची, जनावराला पाणी पाजून मूत्र वाहते ठेवावयाचे आणि मग धमनीत थोडे मिठाचे तीव्र द्रावण सोडावयाचे, अशी त्यांची रीत. कुत्री शुद्धीवर असत. भीतीने किंवा क्षोभानेही मूत्र थांबते, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. म्हणून जनावराला शांत राहण्याचा सराव दिलेला असे. १९४७ मध्ये, कॅनन ज्या क्रूनियन व्याख्यानमालेत बोलले होते त्याच मालेत, व्हर्नी यांनी आपला निष्कर्ष मांडला. मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा तर्षण दाब शेकडा दोन इतका अल्प वाढला तरी मूत्र थांबते; साखर किंवा मीठ यांनी हा परिणाम होतो, पण पेशीत सहज शिरणाऱ्या युरियाने होत नाही. तेव्हा मेंदूत अशा पेशी असल्या पाहिजेत की ज्या स्वतःतील पाणी बाहेर ओढले जाताच आकसतात आणि त्या आकसण्यानेच निरोप देतात.

येथे भाषेविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. इंग्रजीत ‘ऑस्मॉसिस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रियेला मराठी परिभाषाकारांनी ‘तर्षण’ हा शब्द योजला आणि मराठी विश्वकोशाने तो रूढ केला. पातळ द्रावणातील पाणी पडद्यातून घट्ट द्रावणाकडे ओढले जाणे, हा त्याचा अर्थ. भोपाळच्या शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलाला हाच विषय हिंदी पाठ्यपुस्तकात ‘परासरण’ या नावाने भेटतो. ‘परासरण’ शब्दात दोष काही नाही. पण ‘तर्षण’ हा संस्कृत तृष् धातूपासून आला आहे, म्हणजे घट्ट द्रावणाला जणू तहान लागते, ही कल्पना त्यात आहे. परिभाषाकारांना रूपकापुरतीच ती अभिप्रेत असावी. व्हर्नींच्या प्रयोगाने मात्र ती अक्षरशः खरी ठरविली: प्राण्याची तहान मुळात तर्षणाचीच जाणीव होय. शब्दकोशात असे योग क्वचितच जुळून येतात.

त्या संप्रेरकाची रासायनिक घडण अमेरिकेत व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत उलगडली आणि ते प्रयोगशाळेत तयारही केले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. केवळ नऊ अमिनो आम्लांची ती साखळी. वासोप्रेसिन हे तिचे नाव जुन्या रक्तदाबाच्या प्रयोगाची आठवण म्हणून टिकून आहे, काम मात्र मुख्यतः पाणी राखण्याचे. बहुतेक सस्तन प्राण्यांत ही साखळी एकच आहे, डुकरात तेवढे एक अमिनो आम्ल बदललेले असते. बेडकांत व माशांत तिचेच जुने भावंड काम करते. १९६७ साली प्राग येथे झाओरल यांनी या साखळीत थोडा फेरफार करून डेस्मोप्रेसिन सिद्ध केले आणि बेचव मूत्राच्या रोग्यांची जनावरांच्या ग्रंथींच्या अर्कापासून सुटका झाली.

संप्रेरकाचा पत्ता लागला. तहानेचा अजून लागावयाचा होता. तो स्टॉकहोममध्ये बकऱ्यांनी लावून दिला. १९५२-५३ च्या सुमारास बेंग्ट अँडरसन यांनी जागृत बकऱ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये सूक्ष्म नळीने मिठाच्या तीव्र द्रावणाचा थेंब सोडला. मिनिट-दीड मिनिटाच्या आत, पोटभर पाणी प्यालेली बकरीही पुन्हा पाण्याकडे धावू लागली. १९५५ मध्ये मॅककॅन यांच्यासमवेत त्यांनी त्याच जागी विजेचा सौम्य प्रवाह दिला, तेव्हाही तेच घडले. प्रवाह थांबताच पिणे थांबे. एरवी बकरी ज्याला तोंडही लावणार नाही असे बेचव द्रवही ती गटागटा पिऊन टाकी. त्याच सुमारास भारतात बालकृष्ण आनंद हे नाव गाजत होते. येल विद्यापीठात १९५१ मध्ये ब्रोबेक यांच्यासह त्यांनी भुकेचे केंद्र हायपोथॅलॅमसमध्ये दाखवून दिले होते. पुढे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांनी शरीरक्रियाविज्ञानाची थोर परंपरा उभी केली, व तेथे पाणी पिण्यावरील हायपोथॅलॅमसच्या नियंत्रणाचाही अभ्यास झाला. भूकलाडू आणि तहानलाडू ही जोडी आपल्या आजीबाईंनी कधीच एका पुरचुंडीत बांधली होती. मेंदूतही ती दोन्ही ठाणी शेजारी-शेजारीच निघाली.

या शोधांतील कुत्री, बकऱ्या व घोडे यांना बोलता येत नव्हते. बेर्नारच्या घोड्याचे वर्णन आज वाचताना अंगावर काटा येतो. आता अशा प्रयोगांवर समित्यांची बंधने आहेत, आणि ती असणे योग्यच आहे. परंतु बेचव मूत्राच्या रोग्याला मिळालेला दिलासाही याच जनावरांच्या जिवावर मिळाला, हे विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तर्षणाने सारी तहान उलगडते काय? महाभारतातील एक प्रसंग येथे आठवतो. शरपंजरी पडलेले भीष्म पाणी मागतात आणि अर्जुन बाण मारून भूमीतून धारा काढतो. रणांगणावरील जखमी सैनिक प्रथम पाणी मागतो, हा सर्व काळांतील अनुभव आहे. रक्त वाहून जाते तेव्हा पाणी व मीठ दोन्ही सारख्याच प्रमाणात जातात. उरलेले रक्त घट्ट होत नाही. मग पेशी आकसणार नाहीत, व्हर्नींच्या हिशोबाने तहान लागू नये. ती लागते, हे उघडच आहे. केंब्रिज येथील जेम्स फिट्झसायमन्स यांनी १९६१ मध्ये उंदरांवर हेच दाखविले की, रक्त घट्ट न होता त्याचे केवळ प्रमाण घटले तरी प्राणी पाणी पितो. हा दुसरा निरोप मूत्रपिंडाकडूनच येतो. रक्त कमी पोहोचू लागले की मूत्रपिंड रेनिन नावाचे द्रव्य सोडते, त्यापासून रक्तात अँजिओटेन्सिन तयार होते. १९७० साली एपस्टाइन, फिट्झसायमन्स व रोल्स यांनी ते अत्यल्प प्रमाणात उंदरांच्या मेंदूत सोडले, तेव्हा तहान नसलेले उंदीरही पाण्यावर तुटून पडले. अशा तुटीत केवळ पाण्याने भागत नाही. मीठही लागते, आणि प्राण्याला मिठाचीही ओढ लागते. गुरे मिठाचा खडा चाटतात आणि जंगलातील हरणे खारट माती शोधत जातात, हे गुराख्यांना व वनरक्षकांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे.

रक्तातील सर्व द्रव्ये मेंदूत शिरू नयेत म्हणून निसर्गाने एक तटबंदी घातलेली असते. तहानेच्या पहारेकऱ्यांना रक्त चाखल्याशिवाय काम करता येणार नाही, म्हणून त्या तटाला मोजक्या जागी झरोके ठेवलेले आहेत. त्यांतील एका झरोक्यापाशी अँजिओटेन्सिनची जाणीव होते, हे सिंप्सन व रौटेनबर्ग यांनी १९७३ मध्ये दाखविले. पुढे मेलबर्न येथे मेंढ्यांवर झालेल्या कामातून शेजारच्या दुसऱ्या झरोक्याचे तर्षणातील महत्त्व कळले. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ओका, ये व झुकर यांनी पहिल्या ठिकाणच्या ठरावीक चेतापेशी प्रकाशाच्या किरणाने जाग्या केल्या. तृप्त उंदीर काही क्षणांतच पाणी पिऊ लागले. त्याच ठिकाणच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी उद्दीपित केल्या, तेव्हा तहानलेले उंदीर पिणे सोडून स्वस्थ बसले. नोथनागेलचा १८८१ चा तर्क असा खरा ठरला.

आणि नाथांच्या त्या गाढवाचे काय? वाळवंटातील प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या श्मिट-निल्सन यांनी १९५३-५४ च्या सुमारास सहारातील बेनी अब्बेस येथे उंट व गाढवे यांची मोजमापे केली. उंट आपल्या वजनाच्या शेकडा २५ हून अधिक पाणी गमावूनही चालत राहतो आणि मिळाले की दहा मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पितो, हे पुष्कळांना ठाऊक असते. गाढवाची कीर्ती मात्र उगीचच मागे पडली आहे. तेही शेकडा ३० पर्यंत तूट सोसते आणि काही मिनिटांतच ती भरून काढते. विशेष असे की, जेवढे गमावले जवळजवळ तेवढेच पिऊन ते थांबते, रक्तापर्यंत पाणी पोहोचण्याची वाट पाहत नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील झिमरमन व नाइट यांनी २०१६ मध्ये उंदरांच्या तहानपेशींचे स्पंदन प्रत्यक्ष टिपले, तेव्हा याचा उलगडा झाला. उंदीर पिऊ लागताच त्या पेशी मिनिटभरात शांत होऊ लागतात. रक्तात बदल व्हावयास त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणजे मेंदू घोटांवरून आगाऊ जमा धरतो. २०१९ मधील त्यांच्या प्रयोगांत असेही दिसले की, आतड्यातून त्या जमेची पडताळणी होते; प्यालेले पाणी खारट निघाले तर आगाऊ धरलेली जमा खोडली जाते. बेर्नारच्या घोड्याचे पाणी आतड्यापर्यंत पोहोचतच नव्हते, त्यामुळे त्याची तृप्ती टिकत नव्हती. तोंड गार झाल्यानेही या पेशी शांत होतात, असे २०१६ च्या प्रयोगात दिसले होते. भर उन्हातून आलेल्या माणसाला माठातले पाणी कोमट पाण्याहून लवकर का समाधान देते, याचे काहीसे कारण येथे सापडते. कॅनन यांचे तोंड-घशाचे म्हणणे तहान लागण्याबाबत चुकले, भागण्याबाबत मात्र अर्धे खरे निघाले.

हा आगाऊ हिशोब चुकतो तेव्हा जिवावर बेतते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंची तपासणी केली, तेव्हा शेकडा १३ जणांच्या रक्तातील सोडियम गरजेपेक्षा अधिक द्रव प्याल्याने सामान्य पातळीच्या खाली गेलेले आढळले. परंतु भोपाळ, नागपूर किंवा जळगावच्या वैशाखात खरी चिंता असते ती वृद्धांची. ऑक्सफर्ड येथे १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात निरोगी वृद्ध व सात तरुण पुरुषांना चोवीस तास पाण्यावाचून ठेवले. वृद्धांच्या रक्तात तूट अधिक दिसत होती, वासोप्रेसिनही भरपूर स्रवत होते. म्हणजे ठाण्यावरील पहारा जागा होता. तरीही त्यांना तहान कमी लागली, तोंडही विशेष कोरडे वाटले नाही, आणि पाणी पुढे ठेवल्यावर त्यांनी तरुणांहून कमी घेतले. घरातील आजोबा ‘मला तहानच नाही’ म्हणतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. त्यांच्यापुढे भांडे न मागता ठेवणे, ही जुन्या घरांतील रीत त्यामुळे शास्त्राला धरूनच होती. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रोग्यांचे प्रमाण मात्र वैद्यानेच ठरवावयाचे असते.

२००८ मध्ये मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी वृद्ध व तरुण यांच्या शिरांत मिठाचे तीव्र द्रावण सोडून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. या वेळी दोघांनाही तहान सारखीच लागली. पाणी दिल्यावर वृद्धांनी थोडेच घेतले, आणि तेवढ्यानेच त्यांच्या मेंदूतील तहानेच्या खुणा मावळल्या. गाढवाला व चितळाला पाणवठ्यावर नेमक्या घोटाला थांबविणारी ती आगाऊ जमा वृद्ध मेंदूत चार घोटांतच पूर्ण धरली जाते, आणि तूट तशीच शिल्लक राहते.